डॉ. कमल रणदिवे यांची प्रयोगशाळा आणि आमच्या आयाबहिणींचा रिपोर्ट

११ एप्रिल ही तारीख चळवळीतल्या माणसाला सांगावी लागत नाही. क्रांतीबा जोतीराव फुले यांची जयंती. तीन दिवसांनी बाबासाहेबांची जयंती. गावोगाव निळे झेंडे, व्याख्यानमाला, मिरवणुका. या गर्दीत एक स्मृतिदिन दरवर्षी आपल्या नजरेतून निसटून जातो. ११ एप्रिल २००१ रोजी पुण्याच्याच एका लेकीने जगाचा निरोप घेतला. तिचे नाव डॉ. कमल रणदिवे. कर्करोगाच्या पेशी शरीराबाहेर, काचेच्या नळीत जिवंत ठेवून अभ्यासण्याची विद्या मुंबईत रुजवणारी ही शास्त्रज्ञ.

कमलताई आंबेडकरी चळवळीतल्या नव्हत्या. आपल्या विहारात त्यांची तसबीर नाही, असण्याचे कारणही नाही. मग या स्तंभात त्यांच्यावर का लिहायचे? कारण त्यांनी आणलेल्या विद्येवर आज आमच्या हजारो आयाबहिणींचे जगणे-मरणे अवलंबून आहे. आणि ती विद्या आमच्या दारापर्यंत अजून पुरती पोचलेली नाही. वाशीमला वकिली करताना माझ्यासमोर अशा महिला बसतात, ज्यांची गर्भपिशवी काढलेली असते. पण कशासाठी काढली याचा कागद घरात सापडत नाही. कॅन्सर होईल असे सांगितले म्हणून काढली, एवढेच त्यांना ठाऊक असते. तपासणीचा रिपोर्ट मागितला तर नवरा-बायको एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. म्हणून हा लेख.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्याचा. हे साल लक्षात ठेवा. याच वर्षी बाबासाहेब लंडनहून परतून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले होते आणि परदेशात शिकून आलेल्या या विद्वानाला त्या शहरात राहायला जागा मिळत नव्हती. इकडे कमलचे वडील दिनेश दत्तात्रय समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होते. घरात पुस्तके होती आणि मुलीने शिकावे हा वडिलांचा आग्रह होता. एकाच काळातली ही दोन चित्रे आहेत. यात कमलताईंचा दोष नाही. पण कोणाला दार उघडे होते आणि कोणाला बंद होते, हे विसरून कोणाचेही चरित्र लिहिता येत नाही.

त्यांचे शिक्षण हुजूरपागेत झाले. मुलींची ही शाळा १८८४ ची. मुलींना असे उच्च शिक्षण द्यावे की नाही यावर त्या वेळी पुण्यात वादळ उठले होते आणि टिळकांसारख्या पुढाऱ्यांनी विरोध केला होता. त्याच्याही छत्तीस वर्षे आधी, १८४८ साली, फुले दाम्पत्याने भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली होती. अंगावर शेण झेलून सावित्रीमाईने जी वाट पाडली, तिच्यावरूनच पुण्याच्या पुढच्या साऱ्या मुली चालल्या. मग त्या कोणत्याही जातीच्या असोत आणि त्यांच्या घरच्यांनी हे ऋण मान्य केलेले असो वा नसो.

लेकीने डॉक्टर व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. कमलने जीवशास्त्राची वाट धरली. फर्ग्युसनमधून वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन त्या पदवीधर झाल्या. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ साली एम.एस्सी. केले. विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा. मधल्या काळात, १९३९ साली, गणिताचे अभ्यासक जयसिंग रणदिवे यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईला आल्या. लग्नानंतर शिक्षण सुटणे हा त्या काळचा रिवाज होता. इथे उलट घडले. पतीने त्यांच्या अभ्यासाला साथ दिली.

मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल फेब्रुवारी १९४१ मध्ये सुरू झाले होते. ज्या परळच्या चाळीत बाबासाहेबांनी आयुष्याची कित्येक वर्षे काढली, तेच हे गिरणगावातले परळ. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्राचे मोठे जाणकार काम करीत होते. कमलताई त्यांच्या हाताखाली कर्करोगाच्या संशोधनाला लागल्या. उंदरांमधील स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास करून त्यांनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. आनुवंशिकता, शरीरातील संप्रेरके आणि विषाणू यांचा कर्करोगाशी काय संबंध, हा त्यांच्या पुढच्या आयुष्याचाही शोध राहिला.

खानोलकरांनी या विद्यार्थिनीला अमेरिकेला जाण्याचा सल्ला दिला. शिष्यवृत्ती मिळाली आणि कमलताई बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धन शिकल्या. ऊती म्हणजे शरीराचा पेशीसमूह. तो शरीराबाहेर वाढवण्याची कला म्हणजे ऊतीसंवर्धन.

ही कला काय आहे, हे सोप्या शब्दांत समजून घेऊ. कर्करोगाची गाठ म्हणजे केवळ कर्करोगाच्या पेशी नव्हेत. तिच्यात रक्त असते, चांगल्या पेशी असतात, मृत पेशी असतात, जंतूही असतात. या गोतावळ्यातून नेमकी रोगट पेशी ओळखायची किंवा वेगळी काढायची, हे काम असते. गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करताना डॉक्टर लाकडी चपट्या काडीने किंवा बारीक ब्रशने तिथल्या पेशी अलगद खरवडून घेतात. त्या काचपट्टीवर पसरवून लगेच अल्कोहोलमध्ये बुडवतात, म्हणजे त्या सुकून खराब होत नाहीत. मग रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. निरोगी पेशीचे केंद्रक लहान आणि सुबक असते. बिघडलेल्या पेशीचे केंद्रक मोठे, गडद आणि वेडेवाकडे दिसते. जॉर्ज पापानिकोलाऊ या शास्त्रज्ञाच्या नावावरून या तपासणीला पॅप स्मिअर म्हणतात. त्यांचा यावरचा ग्रंथ १९४३ साली प्रसिद्ध झाला. शंका आली तर लहानसा तुकडा काढून तो फॉर्मालिनमध्ये ठेवतात, मेणात बसवतात, त्याचे अतिशय पातळ काप करून रंगवतात. ही तुकडा तपासणी, म्हणजे बायोप्सी. पोटात पाणी झाले असेल तर ते पाणी यंत्रात गरगर फिरवून तळाला बसलेल्या पेशी तपासतात.

पण या सगळ्या तपासण्यांत पेशी मेलेली असते. गाय यांना ती जिवंत हवी होती. ताज्या गाठीचे बारीक तुकडे करायचे, ते कोंबडीच्या रक्तातील द्रवाच्या गोळ्यावर नळीत चिकटवायचे, नाळेच्या रक्ताचा अंश घातलेला पोषक रस त्यावर द्यायचा आणि शरीराइतक्याच उबदार खोलीत त्या नळ्या एका मोठ्या पिंपावर लावून अगदी सावकाश फिरवत ठेवायच्या. त्यामुळे पेशींना आळीपाळीने रस आणि हवा मिळते. एक जंतू आत शिरला की सारे वाया जाते. वर्षानुवर्षे हेच होत होते. माणसाच्या पेशी काही दिवस तग धरत आणि मरत.

१९५१ साली ते बदलले. ज्या पेशींमुळे ते बदलले, त्या एका काळ्या बाईच्या गर्भाशयमुखाच्या होत्या.

तिचे नाव हेन्रिएटा लॅक्स. जन्म १ ऑगस्ट १९२० चा. व्हर्जिनियातील तंबाखूच्या शेतावर, एके काळी गुलाम जिथे राहत अशा लाकडी घरात ती वाढली. पाच लेकरांची आई. रक्तस्राव होऊ लागला म्हणून जानेवारी १९५१ अखेर ती जॉन्स हॉपकिन्सच्या दवाखान्यात आली. त्या भागात काळ्या माणसाला उपचार देणाऱ्या मोजक्या ठिकाणांपैकी ते एक होते आणि तिथेही काळ्यांचे वॉर्ड वेगळे होते. रेडियमचा उपचार करताना डॉक्टरांनी तिच्या गर्भाशयमुखाचे तुकडे घेतले आणि गाय यांच्या प्रयोगशाळेत पाठवले. तिला विचारले नाही. सांगितलेही नाही. गाय यांची सहायक मेरी कुबिसेक हिने ते तुकडे नळ्यांत लावले. पेशी मेल्या नाहीत. दिवसागणिक दुप्पट होऊ लागल्या. हेन्रिएटा मात्र ४ ऑक्टोबर १९५१ रोजी एकतिसाव्या वर्षी वारली आणि बिननावाच्या कबरीत पुरली गेली.

तिच्या पेशी 'हेला' या नावाने जगभर गेल्या. पोलिओची लस त्यांच्यावर तपासली गेली. पुढे याच पेशींत मानवी पॅपिलोमा विषाणूचा अठरा क्रमांकाचा प्रकार सापडला आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे विषाणू आहे हे सांगणारे हॅराल्ड त्सूर हाउझेन २००८ साली नोबेलचे मानकरी ठरले. कंपन्यांनी त्या पेशी विकल्या. तिच्या लेकरांना मात्र आईच्या पेशी जिवंत आहेत हे वीसहून अधिक वर्षांनी, १९७३ च्या सुमारास कळले. पाठ्यपुस्तकांत तिचे नाव हेलन लेन असे चुकीचे छापले जात होते. ऑगस्ट २०२३ मध्ये एका बड्या कंपनीने तिच्या वारसांशी न्यायालयीन तडजोड केली. तोवर तिच्या मृत्यूला बहात्तर वर्षे होत आली होती.

आता आपल्याकडची तारीख पाहा. २७ सप्टेंबर १९५१ रोजी, म्हणजे हेन्रिएटाच्या मृत्यूच्या आठवडाभर आधी, बाबासाहेबांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. त्यामागे हिंदू कोड बिलाची गळचेपी हे मोठे कारण होते. बाईला वारसा, घटस्फोट, दत्तक यांचा अधिकार असावा म्हणून एका महामानवाने सत्तेवर लाथ मारली. त्याच सुमारास सातासमुद्रापार एका बाईच्या शरीराचा तुकडा तिला न विचारता घेतला गेला होता. बाबासाहेबांनी १९४६ साली काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखाचे साम्य नोंदवले होते. १९७२ साली आपल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव काळ्यांच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. हेन्रिएटा आपल्याला परकी नाही.

कमलताई ही विद्या घेऊन परतल्या. अमेरिकेत थांबल्या नाहीत. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. ती देशातली पहिली मानली जाते. त्यांनी तरुण संशोधक घडवले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला कर्करोगाची कारणे, पेशीशास्त्र आणि प्रतिकारशक्ती यांवर नवे विभाग सुरू केले. १९६६ ते १९७० या काळात केंद्राच्या कार्यवाहक संचालक म्हणून काम पाहिले. दोनशेहून अधिक शोधनिबंध त्यांच्या नावावर आहेत.

त्यांचे दुसरे मोठे काम कुष्ठरोगाचे. कुष्ठरोग्याच्या ऊतीतून वेगळ्या केलेल्या जंतूंवर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी काम केले. त्यातूनच पुढे कुष्ठरोगाच्या लसीचे संशोधन उभे राहिले. कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढणारा हा देश. तथागतांच्या सभेत सुप्पबुद्ध नावाचा कुष्ठरोगी आला, तेव्हा तथागतांनी त्याला दूर सारले नाही. त्याला धम्म सांगितला आणि तो त्याला कळला. ज्याला समाज शिवत नाही त्याच्या शरीरातल्या जंतूवर आयुष्याची वर्षे घालवणे, हे काम मला त्या जातीचे वाटते.

१९७३ साली त्यांनी अकरा सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन केली. प्रयोगशाळेत बाई एकटी पडते, तिला संघटन हवे, हे त्यांनी ओळखले. १९८२ साली पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्या ग्रामीण आणि आदिवासी भागात गेल्या. तिथल्या महिलांना आरोग्यसेविका म्हणून तयार करणे आणि आहाराचे शिक्षण देणे हे काम त्यांनी केले. उंदरांच्या पिंजऱ्यापासून सुरू झालेला प्रवास अखेर खेड्यातल्या बाईपर्यंत पोचला. मला त्यांच्या चरित्रातला हा भाग पद्मभूषणापेक्षा मोठा वाटतो.

कमलताई गेल्या तेव्हा मराठवाड्यात एक मोठा अभ्यास चालू होता. उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा. १९९९ पासून ५२ गावसमूहांतील १,३१,७४६ महिलांचे चार गट केले गेले. तीन गटांना वेगवेगळी तपासणी मिळाली : पहिल्याला आम्लाचा पातळ द्राव लावून डोळ्यांनी पाहणे, दुसऱ्याला पॅप स्मिअर, तिसऱ्याला विषाणूची चाचणी. चौथ्या गटाची अशी तपासणी झाली नाही. त्यांना माहिती देऊन हवे तर दवाखान्यात जा असे सांगितले गेले. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. विषाणूची चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ महिला दगावल्या, तर तपासणी न झालेल्या गटात ६४. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगाला मोठे ज्ञान मिळाले. पण त्या ६४ जणी कोण होत्या? पॅप स्मिअर उपयोगी आहे हे श्रीमंत देशांना आधीच ठाऊक असताना गरीब बायांचा एक गट तपासणीविना का ठेवला, हा प्रश्न पुढे नीतिशास्त्राच्या अभ्यासकांनी जाहीरपणे विचारला. संशोधकांचे म्हणणे असे की तिथे त्या काळी कोणतीच तपासणी उपलब्ध नव्हती, म्हणजे जे मिळत होते तेच त्यांना मिळाले. हे म्हणणे खरे असेलही. पण मग खरा आरोपी अभ्यास नसून ती व्यवस्था ठरते, जिथे गरीब बाईला मिळण्यासारखे काहीच नव्हते.

दुसरे टोक बीडचे. २०१९ साली तिथल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचे उघड झाले आणि शासनाला समिती नेमावी लागली. पाळीमुळे कामात खाडा होऊ नये आणि मुकादमाचा दंड बसू नये, ही एक बाजू. अंगावरून पांढरे जाते किंवा पोट दुखते म्हणून गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालायची, ही दुसरी. भीती कॅन्सरची, पण काचपट्टी नाही, तुकडा नाही, रिपोर्ट नाही! ज्या रोगाचे नाव घेऊन अवयव काढला, तो रोग होता की नाही हे कोणी पाहिलेच नाही. एकीकडे खरा कर्करोग असलेली बाई तपासणीविना मरते. दुसरीकडे कर्करोग नसलेली बाई तपासणीविना अवयव गमावते. दोघींच्या मध्ये जे असायला हवे होते, ते म्हणजे कमलताईंची प्रयोगशाळा.

कायदा काय सांगतो? समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निकाल दिला. एक महिला दुर्बिणीने तपासणी करून घ्यायला गेली होती. ती भुलीत असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. न्यायालयाने ठरवले की तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती नव्हे. रुग्ण सज्ञान आणि समर्थ असेल, आणि तिचा जीव तातडीच्या धोक्यात नसेल, तर नातेवाइकाची सही तिच्या सहीची जागा घेऊ शकत नाही. आजार काय, उपचार काय, दुसरा मार्ग कोणता, धोका कोणता, हे तिला समजेल असे सांगितले पाहिजे. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे रुग्णाने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत कागदपत्रे देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. कोऱ्या फॉर्मवर नवऱ्याचा अंगठा घेणे म्हणजे संमती नव्हे. घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या अधिकारात आपल्या शरीराचा अधिकार येतो. तो बाबासाहेबांच्या घटनेने दिलेला आहे, कोणा डॉक्टरने नव्हे.

आमचा वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला. २०१८ साली नीती आयोगाने देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशीमला आणि उस्मानाबादलाही घातले. आकांक्षित हा मागासलेल्याला दिलेला गोड शब्द आहे. २०२४ साली वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, ही चांगली गोष्ट. पण महाविद्यालयाच्या पाटीने पेशी तपासल्या जात नाहीत. त्याला विकृतिशास्त्राचा तज्ज्ञ लागतो, काचपट्टी वाचणारा तंत्रज्ञ लागतो, आणि मानोरा, मालेगाव, रिसोडच्या खेड्यातला नमुना वेळेवर पोचवणारी व्यवस्था लागते. तीस वर्षांवरील महिलांची गर्भाशयमुखाची तपासणी शासनाच्या कार्यक्रमात आहे. ती कागदावरून उपकेंद्रात आणणे हे आता चळवळीचे काम आहे.

म्हणून यंदाच्या जयंतीत प्रत्येक विहाराने एक गोष्ट करावी. डीजेच्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढून महिलांच्या तपासणीचे शिबिर घ्यावे. आरोग्य विभागाला लेखी पत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. तपासणी झालेल्या प्रत्येक बहिणीच्या हातात तिचा रिपोर्ट पडला का, हे महिना झाल्यावर विचारावे. पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर आधी तुकडा तपासणी झाली का ते विचारावे. काढलेली पिशवी तपासणीला पाठवली का, तेही विचारावे. आणि सही बाईनेच करावी, वाचून किंवा वाचून घेऊन.

हेन्रिएटाला कोणी विचारले नाही. उस्मानाबादच्या चौथ्या गटापर्यंत तपासणी पोचली नाही. बीडच्या बायांना कोणी रिपोर्ट दाखवला नाही. कमल रणदिवे यांनी ती विद्या बाल्टिमोरहून परळपर्यंत आणली. परळपासून वाशीमच्या खेड्यापर्यंतचे अंतर बाल्टिमोरपेक्षा जास्त ठरू नये. ते अंतर आपल्यालाच कापायचे आहे.

क्रांतीबांच्या जयंतीदिनीच निरोप घेणाऱ्या या पुण्याच्या लेकीला विनम्र अभिवादन. जय भीम!